पंचवीस लिटर डिझेल कुठे गेलं?

१

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आमची व्हॅन मोठ्या हॉस्पिटलच्या चढावर बंद पडली. आत ऑपरेशनच्या एकशे चाळीस हिरव्या चादरी होत्या. वर तिसऱ्या मजल्यावर एक सर्जन हात धुऊन, कोपर वर करून उभे होते, आणि हिरव्या चादरीशिवाय त्या धुतलेल्या हातांचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

मी लॉन्ड्रीत मोजणी करते. गेलेल्या चादरी, आलेल्या चादरी, फाटलेल्या, हरवलेल्या, दुसऱ्याच्या गाठोड्यात घुसलेल्या. एकोणीस वर्षं झाली. सगळे मला मोजणीताई म्हणतात, आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझी नजर पानं मोजत असते, असा माझ्या नवऱ्याचा आरोप आहे. आरोप खरा आहे.

फोन आला तेव्हा मी काकूंच्या टेबलासमोरच उभी होते. काकू म्हणजे लॉन्ड्रीच्या मालकीण. वय अडुसष्ट, आवाज बॉयलरच्या वर जाणारा, उंची मात्र इतकी बेताची की खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळतात. म्हणून टेबलाखाली साबणाचं एक रिकामं खोकं कायम उपडं ठेवलेलं असतं.

"काकू, गाडी बंद पडली," फोनवर ड्रायव्हरमामा म्हणाले. "पुढची टाकी कोरडी ठणठणीत."

"कोरडी कशी होईल? शनिवारी भरली ना?"

"शनिवारीच भरली. पन्नास लिटर. सोमवार, मंगळवार, बुधवार, रोजचे चौसष्ट किलोमीटर. निम्मीसुद्धा संपायला नको होती."

आमच्या व्हॅनला दोन टाक्या आहेत. पुढची पन्नास लिटरची, रोजच्या वापराची. मागची साठ लिटरची, ती रिझर्व्ह. दीड वर्षापूर्वी पंपांवर चार दिवस डिझेल नव्हतं, तेव्हा काकूंनी मागची टाकी काठोकाठ भरून तिच्या झाकणाला तारेचं सील ठोकलं, आणि डॅशबोर्डवरचं टाकी बदलायचं बटन पांढऱ्या कापडी पट्टीने चिकटवून टाकलं. चादरींच्या गाठोड्यांवर खुणेला लावतो तीच पट्टी. काकूंना विचारल्याशिवाय त्या पट्टीला हात लावायचा नाही, असा नियम.

"पट्टी काढा आणि बटन मागे करा," काकू म्हणाल्या.

थोडा वेळ गेला. मग मामा म्हणाले, "केलं. काटा वर गेला. रिझर्व्ह फुल आहे."

आता इथे काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. त्यांनी टाकला नाही.

"फुल?" त्या म्हणाल्या. "नीट बघा."

"फुल, काकू. काटा शेवटच्या रेघेवर आहे."

काकूंनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फोनकडे बघत राहिल्या. मी ते बघितलं, आणि एखादी चादर कुठल्या गाठोड्यात टाकायची ते न कळल्यावर बाजूला ठेवते, तसं ते बाजूला ठेवून दिलं.

२

डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली की नुसतं डिझेल देऊन चालू होत नाही. पाइपात हवा शिरलेली असते. मामांनी चढावर उभं राहून हातपंपाने ती हवा काढली. चाळीस मिनिटं गेली. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी त्या चाळीस मिनिटांत आमच्या लॉन्ड्रीबद्दल जे काही म्हटलं, ते मी इथे उतरवत नाही.

संध्याकाळी चिरंजीव आले. काकूंचा एकुलता एक मुलगा. समोर सगळे त्याला साहेब म्हणतात, पाठीमागे चिरंजीव. सहा फूट उंच, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार.

"सरळ गणित आहे," ते म्हणाले. "गाडी लिटरला आठ किलोमीटर देते. तीन दिवसांचं चोवीस लिटर आणि गुरुवार सकाळचं थोडं. पंचवीस धरू. पन्नासातून पंचवीस गेले, पंचवीस उरायला हवे होते. उरले शून्य. मागच्या टाकीचं सील शाबूत आहे आणि ती भरलेली आहे. म्हणजे पुढच्या टाकीतून कोणीतरी पंचवीस लिटर काढलं. गाडीची चावी कोणाकडे असते?"

कोणीही मामांकडे बघितलं नाही. पण न बघायचीही एक पद्धत असते, आणि ती बघण्यापेक्षा जास्त लागते.

मामा बावीस वर्षं ही व्हॅन चालवतात. ते म्हणाले, "साहेब, मी काढलं नाही." बस, एवढंच.

मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे आमच्या गाड्यांचे पिढीजात डॉक्टर. ते गाडीखाली गेले, पाऊण तास राहिले, फिल्टर बदलला, पंप तपासला, पाइपांवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "पुढच्या टाकीला गळती नाही. गाडीला काही झालेलं नाही. जे झालंय ते माणसाला झालंय."

चिरंजीवांना हे वाक्य फार आवडलं.

त्यांनी सापळा लावला. गुरुवारी रात्री घरी जाण्याआधी पुढची टाकी स्वतः समोर उभं राहून काठोकाठ भरून घेतली, तिच्याही झाकणाला तारेचं सील लावलं आणि बटन पुन्हा पुढे केलं. शुक्रवारी मामांनी नेहमीची फेरी मारली. संध्याकाळी चिरंजीवांनी सील तपासलं. शाबूत. मग झाकण उघडून लाकडी पट्टी बुडवली. पुढच्या टाकीचा काटा तीन वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला आहे, त्यामुळे पट्टीशिवाय इलाज नाही.

बेचाळीस लिटर असायला हवं होतं. चौतीस होतं.

"झाकणातून नाही, तर खालच्या बोल्टातून काढतो," चिरंजीव म्हणाले. "वाटेत कुठेतरी. उद्या दुपारी बारा वाजता हिशेब चुकता. मामा, चावी जमा करायची. आणि बाकीच्या लॉन्ड्र्यांनाही मी कळवणार आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाचं नुकसान नको."

शहरात चार लॉन्ड्र्या आहेत, आणि चारही मालक एकमेकांचे फोन उचलतात. सत्तावन्न वर्षांच्या, डिझेलचोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला त्यानंतर कोण चावी देणार होतं?

मामांनी काकूंकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

चिरंजीव गेल्यावर काकूंनी मला थांबवलं. "ताई, तू एकदा बघ गं," त्या म्हणाल्या. "तू मोजतेस तसं. कुठेतरी काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय, काकू?"

"ते मला कळलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

मी निघाले तेवढ्यात आवारातून बॉयलरदादांची हाक आली. "ताई, इकडे या! हे काय आहे बघा!"

व्हॅनच्या मागच्या बाजूला, सीलबंद टाकीच्या खाली, फरशीवर डिझेलचं थारोळं साचलं होतं.

३

शनिवारी सकाळी सहाला मी कामावर हजर. हातात सहा तास.

आधी बॉयलरदादा. कारण सोपं: आमचा बॉयलर डिझेलवर चालतो, आणि दादा आवारातच राहतात. डिझेल हवं असणारा आणि डिझेलच्या जवळ झोपणारा दुसरा कोणी नव्हता. शिवाय त्यांच्या खोलीच्या दाराशी डिझेलचा वास येणारा एक डबा होता.

"या डब्यात काय आहे, दादा?"

"कालचं गळालेलं. मागच्या टाकीखाली धरला होता. फेकून देऊ का?" दादा चिडलेच. "ताई, मला विचारायचंय ते सरळ विचारा. बॉयलरचं डिझेल माझ्याकडे टँकरने येतं, काकूंच्या सहीने येतं. मी पंचवीस लिटर चोरून बॉयलरमध्ये घातलं असतं, तर तुमच्या चादरी जास्त गरम निघाल्या असत्या का? आणि मला गाडी चालवता येत नाही, सील लावता येत नाही, नळीने डिझेल ओढायचं म्हटलं तर मळमळतं. माझ्यात चोराचे गुणच नाहीत."

"रविवारी कुठे होता?"

"बहिणीकडे. दर रविवारी असतो. रविवारी इथे कुत्रंसुद्धा नसतं."

"मग ती मागची टाकी का गळतेय?"

"ते मिस्त्रींना विचारा. ते फोनवर म्हणाले, ऊन लागलं म्हणून डिझेल फुगलं." दादांनी चहाचा घोट घेतला. "दीड वर्ष ऊन नव्हतं वाटतं."

दादांबद्दलचा माझा संशय तिथेच मावळला. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या बाजूचं बोलतो. दादा माझ्या बाजूचं बोलून गेले होते. दीड वर्ष जी टाकी निमूट बसली, ती याच आठवड्यात का उतू गेली? तूट पुढच्या टाकीत होती, आणि गळती मागच्या. खिसा कापला माझा, आणि रडतंय शेजारचं पोर.

मग मामा. ते व्हॅनची काच पुसत होते. बारा वाजता चावी द्यायची आहे, आणि काच पुसतायत.

"मामा, सोमवारी सकाळी गाडी घेतली तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"नाही."

"वास? आवाज? काहीच?"

"म्हटलं ना ताई, नाही." आणि त्यांनी पुसलेलीच काच परत पुसायला घेतली.

एकोणीस वर्षांत मामा मला एका शब्दात उत्तर देऊन मोकळे झालेले मी पाहिलेले नाहीत. वायपरचं रबर बदललं तरी ते मला अर्धा तास रबराचा स्वभाव समजावतात. मी त्यांच्याकडून गाडीची वही मागून घेतली. त्यांनी दिली, पण देताना हात जरा रेंगाळला.

वही घेऊन मी मोजणीच्या टेबलाशी आले, पण उघडायला फुरसत मिळाली नाही. प्रसूतिगृहाची गाठोडी येऊन पडली होती, आणि तिथे माझं नेहमीचं दुखणं वाट बघत होतं.

४

प्रसूतिगृहाला आम्ही चाळीस चादरी दिल्या होत्या. परत आल्या अठ्ठावन्न.

मोठ्या हॉस्पिटलला ऐंशी दिल्या होत्या. परत आल्या बासष्ट.

नवीन माणूस असता तर म्हणाला असता, मोठ्या हॉस्पिटलात कोणीतरी अठरा चादरी चोरल्या. मी म्हटलं नाही, कारण प्रसूतिगृहाच्या गाठोड्यात अठरा हिरव्या चादरी मोठ्या हॉस्पिटलच्या लाल धाग्याच्या खुणेसकट बसलेल्या मला दिसत होत्या. चादर कुठून निघाली ते बरोबर होतं. परत येताना ती चुकीच्या पोत्यात पडली होती. दर महिन्याला होतं. एकाकडे कमी, दुसऱ्याकडे तितक्याच जास्त, आणि चोर कोणीच नाही.

अठरावी चादर हातात घेऊन मी उभीच राहिले. मग ती तशीच टाकून आवारात गेले. मिस्त्री नुकतेच आले होते. गळती बघायला त्यांना काकूंनी बोलावलं होतं.

"मिस्त्री, एक अडाणी प्रश्न विचारू?"

"तुम्ही अडाणी प्रश्न विचारता तेव्हा माझा दिवस वाया जातो. विचारा."

"टाकीतून जेवढं डिझेल इंजिनाकडे जातं, तेवढं सगळं जळतं का?"

"छे! पंप नेहमी जास्तच ओढतो. लागेल तेवढं जळतं, उरलेलं रिटर्नच्या पाइपातून परत टाकीत. या जुन्या इंजिनाचं तर जवळपास निम्मं परत येतं."

"परत कुठल्या टाकीत?"

"कुठल्या म्हणजे? ज्या टाकीतून आलं त्याच..." मिस्त्रींचा हात डोक्याकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. "थांबा," ते म्हणाले. "थांबा, थांबा, थांबा."

आणि सतरंजी न घालताच गाडीखाली गेले.

व्हॅनच्या पोटाखाली एक डबी आहे, तिला सहा पाइप. तीन डिझेल नेणारे, तीन परत आणणारे. आत दोन झडपा: एक ठरवते कुठल्या टाकीतून न्यायचं, दुसरी ठरवते कुठल्या टाकीत परत द्यायचं. डॅशबोर्डवरचं एक बटन दोघींना एकदम हलवतं. हलवायला हवं.

मिस्त्रींनी दोन्ही टाक्यांचे रिटर्नचे पाइप सोडवून दोन रिकाम्या बाटल्यांत धरले. एक मी धरली, एक बॉयलरदादांनी. बटन पुढच्या टाकीवर. मामांनी इंजिन चालू केलं.

माझी बाटली पुढच्या टाकीची. तिच्यात थेंब नाही.

दादांची बाटली मागच्या टाकीची. ती भरायला लागली. दादा म्हणाले, "अरे बापरे, ही तर गाय आहे!"

नेणारी झडप पुढच्या टाकीवर होती. परतीची मागच्या टाकीवरच अडकून बसली होती. गाडी पुढच्या टाकीतून सोळा लिटर ओढायची, आठ जाळायची आणि आठ इमानदारीने मागच्या टाकीत नेऊन टाकायची. रोज. शुक्रवारची आठ लिटरची तूट, शाबूत सील आणि मागचं थारोळं या तिन्ही गोष्टी एका पाइपाने जोडल्या गेल्या होत्या. मागची टाकी जवळजवळ भरलेलीच होती, मावेना तेव्हा उतू गेली.

मामांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

साडेनऊ वाजले होते. इथेच हे संपायला हरकत नव्हती. पण मिस्त्री गाडीखालून बोलले, आणि माझा सगळा आनंद गेला.

"ही झडप आपण होऊन अडकत नाही, ताई. बटन मागे केलं की वीज तिला ओढते. परत पुढे केलं की नुसती स्प्रिंग आणते. दीड वर्ष हललेली नाही, आत डिझेलचा डिंक झालाय. एक स्प्रिंग परत आली, दुसरी चिकटली. म्हणजे कोणीतरी बटन मागे केलं, आणि मग पुढे आणलं."

"गुरुवारी मामांनीच केलं की," दादा म्हणाले.

"गुरुवारी टाकी आधीच कोरडी होती," मी म्हटलं. "हे सोमवारच्या आधी झालंय."

आणि आणखी एक. गुरुवार सकाळपर्यंत पंचवीस लिटर मागच्या टाकीत गेलं. पण ती टाकी तर काठोकाठ भरलेली होती. मग गुरुवारच्या आतच का उतू गेली नाही? पंचवीस लिटर मावलं, कारण पंचवीस लिटरची जागा आधीच झालेली होती.

५

वही उघडली.

मामा रोज संध्याकाळी गाडीचा किलोमीटरचा आकडा लिहितात, आणि शेजारच्या रकान्यात शेरा. आकडे लिहितात, वजाबाकी करत नाहीत. ती कोणी करावी असा नियमच नाही. मी केली.

मंगळवारी चौसष्ट. बुधवारी चौसष्ट. सोमवारी, शनिवार संध्याकाळच्या आकड्यापासून मोजलं तर, दोनशे चौसष्ट.

दोनशे किलोमीटर जास्त. लिटरला आठ. पंचवीस लिटर.

लॉन्ड्री बंद असते त्या रविवारी कोणीतरी व्हॅन घेऊन दोनशे किलोमीटर फिरून आलं होतं, आणि मागच्या टाकीवर. सील तोडायची गरजच नाही. डिझेल जाळायला झाकण उघडावं लागत नाही. नंतर बटन पुढे करून पट्टी पुन्हा चिकटवून दिली. आणि तेव्हापासून आमची शहाणी व्हॅन रोज आठ-आठ लिटर टाकून मागच्या टाकीचं नुकसान भरून काढत होती. गुरुवारी सकाळी ते भरून निघालं, आणि पुढची टाकी कोरडी पडली.

गुरुवारच्या पानावर मामांनी बटनावरून काढलेली पट्टी चिकटवून ठेवली होती, खाली "काकूंच्या परवानगीने काढली". पट्टी पांढरीशुभ्र होती. दीड वर्ष उन्हात डॅशबोर्डवर राहिलेली पट्टी चहाच्या रंगाची होते. ही गेल्या आठवड्यात रिळावरून कापलेली होती.

आणि सोमवारच्या शेऱ्यात, मामांच्या गोल अक्षरात: "सीट पुढे आली होती. मागे घेतली. आरसा नीट केला."

मला म्हणाले होते, काही वेगळं नाही.

मी डोळे मिटून बसले. चिरंजीव सहा फुटी. ते बसले असते तर सीट आणखी मागे गेली असती. बॉयलरदादांना गाडी चालवता येत नाही. मामांना स्वतःची सीट पुढे घ्यायचं कारण काय? पट्टीचं रीळ एका टेबलाच्या खणात असतं. त्या टेबलाखाली साबणाचं खोकं असतं.

"फुल? नीट बघा."

मी वही काखेत घेतली आणि काकूंच्या खोलीचं दार ढकललं.

६

"ये," काकू म्हणाल्या. "वही घेऊन आलीस म्हणजे कळलंय तुला. दार लाव."

मी दार लावलं.

"कुठे गेला होता, काकू?"

"नणंदेकडे. वृद्धाश्रमात ठेवलीय तिला, शंभर किलोमीटरवर. चार महिने आमचा मुलगा म्हणतोय, पुढच्या रविवारी नेतो. त्याच्या कॅलेंडरात पुढचा रविवार येतच नाही."

"नणंदेसाठी दोनशे किलोमीटर?"

"अगं, तिच्याशिवाय माझ्याशी भांडायला आता उरलंय कोण?" काकूंनी चष्मा काढून पुसला. "ही व्हॅन मामा यायच्या आधी नऊ वर्षं मी चालवलीय. दुसरी चावी अजून माझ्या खणात आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले खुशाल चालवा. मुलगा म्हणाला, चालवलीस तर व्हॅन विकतो. कार त्याच्याकडे. मग काय करू? पुढची टाकी वापरली असती तर मामा आठवड्याच्या शेवटी अडकला असता. तो बिचारा किलोमीटर धरून चालतो. रिझर्व्ह माझं. वाटलं, हळूच भरून ठेवीन."

"आणि गुरुवारी काटा फुल."

"मला वाटलं, माझं डोकं फिरलं. मी जाळलेलं डिझेल टाकीत परत आलं! मग वाटलं काटा बिघडला. मग वाटलं, मामाने ओळखलं आणि माझं झाकायला पुढचं काढून मागे भरलं." त्या थांबल्या. "म्हणून तुला सांगितलं. मला स्वतः मामाला विचारायचं धाडस झालं नाही."

मी त्यांना झडप समजावली. चादरींवरून समजावली, लगेच कळली. मामांचा सीटचा शेराही दाखवला.

"म्हणजे मामा चोर नाही, हे तू बाटलीने सिद्ध केलंस. मग माझं नाव निघायची गरज काय?"

प्रश्न रास्त होता, आणि मी त्यांच्या पगारावर आहे.

"काकू, साहेब विचारणार, बटन कोणी फिरवलं. हे उत्तर रिकामं राहिलं, तर त्या जागी ते मामांना बसवतील. तशी त्यांना सवय आहे."

काकूंनी घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा. खोक्यावरून पाय काढले. "तू हो पुढे," त्या म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत.

७

आवारात चिरंजीव टाइप केलेलं पत्र घेऊन उभे होते. मिस्त्रींनी त्यांना बाटल्यांचा प्रयोग पुन्हा करून दाखवला, आणि "जे झालंय ते माणसाला झालंय" हे आपलं वाक्य बिनशर्त मागे घेतलं. चिरंजीवांनी सगळं ऐकलं, माझी वजाबाकी बघितली. हुशार आहेत, पटकन कळलं. फक्त चुकीच्या बाजूने कळलं.

"म्हणजे चोरी नाही. पण रविवारी गाडी दोनशे किलोमीटर बाहेर होती. विनापरवानगी. कोणी नेली?"

मी काकूंच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार बंद.

"मी विचारतोय, कोणी नेली?"

"मी नेली, साहेब," मामा म्हणाले.

माझ्या हातातली वही खाली पडायची राहिली.

"माझं काम होतं गावाला," मामा सांगत होते. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे प्रत्येक शब्द वजन करून टाकत होते. "चूक झाली. चावी घ्या."

त्यांनी चावी पुढे केली. चिरंजीवांनी हात लांब केला.

"मामा!" बॉयलरच्या वरचा आवाज आला. "खोटं बोलायचं तर आधी वहीतलं पान फाडायचं. 'सीट पुढे आली होती' असं लिहून ठेवलंय तुम्ही. स्वतःच नेली, तर पुढे कोणी घेतली? तुमच्या गुडघ्यांनी?"

काकू पायरीवर उभ्या होत्या.

"आई, तू?" चिरंजीव म्हणाले.

"मीच. तुझ्या आत्याकडे. ती विचारत होती तुझ्याबद्दल. मी सांगितलं, कामात आहे." काकू खाली उतरल्या आणि सगळ्यांच्या देखत मामांसमोर उभ्या राहिल्या. "मामा, गुरुवारपासून मी तोंड मिटून बसले. दोन दिवस तुम्हाला चोर म्हणू दिलं. हे माझ्या वयाला शोभलं नाही."

"मला सोमवारीच कळलं होतं, काकू," मामा म्हणाले. "एवढी पुढे सीट या आवारात दुसऱ्या कोणाला लागते? पण साहेब गाडी विकतील म्हणाले होते ना. म्हटलं, गाडी गेली तर तुमचंही जाईल आणि माझंही. डिझेलचं मात्र मला काही कळेना. मला वाटत होतं, तुम्ही पुढचंच जाळलं."

"आणि तरी गप्प राहिलात?"

"तुम्हीही राहिलात की."

बॉयलरदादा खोकले. मिस्त्रींना एकाएकी गाडीखाली काहीतरी बघायचं आठवलं. चिरंजीवांनी हातातल्या पत्राची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. शेवटी दादांनी हात पुढे केला. बॉयलर चालू होता.

"चावी मामांकडेच राहू दे," चिरंजीव म्हणाले. मग मामांकडे न बघता, "माझं चुकलं." मग आईकडे बघून, "उद्या मी येतो. पण गाडी मी चालवणार."

"तू शेजारी बसशील," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी नवी डबी बसवली. मागच्या टाकीचं सील गेलं, आणि दर पंधरा दिवसांनी बटन एकदा मागे-पुढे करायचं, असा नवा नियम झाला. वहीत वजाबाकीचा एक रकाना मी आखून दिला.

सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदा तो भरला. दोनशे चौसष्ट. शेजारी मामांचा शेरा होता:

"सीट पुढे आली होती. मागे घेतली. तक्रार नाही."